लिब्रेकॅडमधलं प्रिंटरचं चिन्ह: उद्यमबागेच्या कामाला कितपत पुरतं?

लिब्रेकॅड ह्या ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिणारे 'फुकट आहे' इथून सुरू करतात आणि तिथेच संपवतात. फुकट आहे हे खरंच, आणि ऑटोकॅड ह्या त्याच कामाच्या विकतच्या सॉफ्टवेअरची कायमची लायसन्स विकणं 2016 मध्ये बंद झाल्यापासून दरवर्षीचं भाडं सोसायची ताकद सगळ्यांत नसते हेही खरं. पण मी बेळगावात अनगोळला घरी बसून उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या पॅटर्नवाल्यांची (ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्यांची) आणि मशीन शॉपची ड्रॉइंगं करते. मला ह्या सॉफ्टवेअरशी बांधून ठेवलंय ते एका बारक्या चिन्हानं. लेयरच्या (ड्रॉइंगच्या एकावर एक ठेवलेल्या थरांच्या) यादीत प्रत्येक नावाशेजारी डोळा, कुलूप, प्रिंटर अशी चिन्हं असतात. त्यातल्या प्रिंटरबद्दलच बोलते.

माझं काम म्हणजे एक कास्टिंग (ओतलेला भाग) आणि तीन कागद. समजा पंपाची बॉडी आहे, तयार बोअर (आतलं गोल भोक) 60 मिमी. आतून सगळीकडे 3 मिमी मशिनिंगला सोडायचे, म्हणजे कास्टिंगमध्ये भोक 54 चं. पॅटर्नच्या मेस्त्रींना तो 54 पाहिजे, कोअर प्रिंट (भोकासाठीचा वाळूचा गाभा साच्यात टेकतो तो भाग) किती लांब ते पाहिजे, ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार) कुठल्या बाजूला ते पाहिजे. लेथवाल्याला यातलं काही नको, त्याला 60 आणि टॉलरन्स (किती कमी-जास्त चालेल ते) दिला की झालं. गिऱ्हाइकाच्या कागदावर फक्त तयार माल. मेस्त्री येळ्ळूरचे, लेथवर बसणारा गोकाककडचा कन्नड बोलणारा. दोघांशी माझं खरं बोलणं आकड्यांतच चालतं. नको तो आकडा कागदावर आला की फोन ठरलेला, "ताई, ह्यात कच्चं कुठलं नि फिनिश कुठलं हो?" (बिडाचं आकसणं साधारण 1 टक्का. ते मी ड्रॉइंगमध्ये घालत नाही, कारण मेस्त्रींची श्रिंकेज पट्टीच तेवढी वाढवलेली असते. नवीन पोरं दोन्हीकडे घालतात आणि पॅटर्न मोठा होऊन बसतो.)

आता डोळा आणि प्रिंटर यांतला फरक. डोळा मिटला की लेयर पडद्यावरूनही गेला आणि कागदावरूनही. प्रिंटर बंद केला की पडद्यावर राहतो, कागदावर येत नाही. माझा 'हिशेब' नावाचा एक लेयर आहे. त्यावर घनफळ, त्याला 7.2 ने (बिडाच्या घनतेने) गुणून काढलेलं वजन, किलोचा दर, कुठल्या फाउंड्रीत ओतायचं, सगळं भागाच्या शेजारीच लिहिलेलं. काम करताना ते डोळ्यासमोर हवंच, आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडता कामा नये. तिथं प्रिंटर बंद, विषय संपला. प्रिंट प्रिव्ह्यू उघडलात की असे लेयर तिथंही दिसत नाहीत, त्यामुळे कागद वाया घालवायच्या आधीच खात्री होते. पीडीएफ काढली तरी हाच हिशोब.

चौथं चिन्ह कन्स्ट्रक्शन लेयरचं. त्यावर काढलेली रेघ दोन्ही बाजूंना अखंड पसरते आणि छापली जात नाही. प्लॅनवरून (वरून दिसणारं चित्र) एलेव्हेशनला (समोरून दिसणारं) रेघा उतरवायला झकास. पण हा प्रकार लिब्रेकॅडचा स्वतःचा, ऑटोकॅडमध्ये असा लेयरच नसतो. डीएक्सएफ (दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी फाइल) बाहेर कुणाला द्यायची असेल तर त्या लेयरचा प्रिंटरही बंद करून द्या.

आता रड. लेयरची मांडणी लक्षात ठेवायची सोय मी वापरते त्या आवृत्तीत नाही. ऑटोकॅडमध्ये लेयर स्टेट (कुठले लेयर चालू, कुठले बंद ही मांडणी) नाव देऊन साठवता येते, शिवाय लेआउटमधल्या (छापायच्या पानावरच्या) प्रत्येक व्ह्यूपोर्टमध्ये (ड्रॉइंग दाखवणाऱ्या चौकटीत) वेगळे लेयर गोठवता येतात. एकाच फाइलमध्ये तिन्ही कागद तयार पडलेले असतात. इथं तसे व्ह्यूपोर्ट नाहीत. प्रत्येक कागदाआधी यादीवरून बोट फिरवत हे बंद, ते चालू करत बसायचं. मी लेयरच्या नावांना पॅटर्नसाठी 'पी', मशिनिंगसाठी 'एम' अशी सुरुवात देते. यादी अक्षरक्रमाने लागत असल्यामुळे एका कागदाचे लेयर एकाखाली एक येतात आणि क्लिक करणं तेवढं सोपं होतं. सात-आठ लेयरपर्यंत हे चालतं. घराचे प्लॅन करणाऱ्यांनी, जिथं पाया, स्लॅब, वायरिंग, प्लंबिंग वेगवेगळं छापायचं असतं, त्यांनी आधी नीट विचार करावा.

रंगांचं एक सांगायचं राहिलं. पॅटर्न रंगवायची जुनी रीत आहे: मशिनिंग होणारा भाग लाल, कोअर प्रिंट पिवळा, कच्चाच राहणारा काळा. मेस्त्रींच्या सवयीचं म्हणून मी लेयरलाही तेच रंग दिलेत, फक्त काळ्या पडद्यावर काळ्याच्या जागी पांढरा. पडद्यावर सुरेख दिसतं, कागदावर पिवळ्या रेघा शोधाव्या लागतात. प्रिव्ह्यूमध्ये काळं-पांढरं करायचं बटण आहे ते दाबा. आणि 'पानात बसवा' हे चुकूनही दाबू नका, स्केल हातची जाते. आरपीडी क्रॉसला ए3 छापून घेतानाही मी काउंटरवर उभी राहून 'ॲक्चुअल साइज'च करायला लावते, आणि मग पट्टी टेकवून एक माप बघते.

बाहेरून आलेल्या ड्रॉइंगमध्ये मात्र प्रिंटरचं चिन्ह पहिल्यांदा तपासा. कोल्हापूरकडच्या एका गिऱ्हाइकाच्या फाइलमध्ये बोल्टच्या भोकांच्या सेंटर लाइनी पडद्यावर स्वच्छ होत्या, त्यांच्याकडून छापून आलेल्या कागदावर एकही नव्हती. त्या डेफपॉइंट्स लेयरवर काढलेल्या. ऑटोकॅड पहिलं डायमेन्शन दिलं की हा लेयर आपोआप तयार करतं आणि तो छापत नाही. कुणीतरी तोच चालू लेयर ठेवून रेघा मारल्या होत्या. लिब्रेकॅडमध्ये त्या निवडून दुसऱ्या लेयरवर टाकल्या आणि नवा कागद मेस्त्रींकडे पाठवला. पॅटर्नचं लाकूड तोवर कापलेलं नव्हतं, हे नशीब.