श्रीराम राघवनचे पिक्चर: गुन्हेगाराच्या बाजूने बसवणारा दिग्दर्शक

हिंदीत थ्रिलर म्हटलं की बहुतेक वेळा खून कोणी केला एवढंच शेवटपर्यंत दाबून ठेवतात, ते कळलं की खेळ खल्लास, परत बघायला काही उरत नाही. श्रीराम राघवनचं उलटं आहे. जॉनी गद्दार (2007) मध्ये गद्दार कोण हे आपल्याला लवकरच कळतं, माहीत नसतं ते फक्त त्याच्या पार्टनर्सना, आणि तरी अख्खा पिक्चर जीव मुठीत धरून बघावा लागतो. तो गद्दार, विक्रम, एकेकाला संपवत जातो आणि आपण मनातल्या मनात त्यालाच सांगत असतो, अरे बाबा ते उचल, ते तिथंच राहिलं, कोणीतरी येतंय! का राव? तो पकडला गेला तर आपल्या बापाचं काय जातंय? मला राघवन आवडतो तो यासाठीच, पडद्यावरच्या माणसाची खोट दाखवता दाखवता आपली कधी उघडी पाडतो कळत पण नाही.

आणि विक्रमला आयडिया मिळते कुठून, तर टीव्हीवर लागलेल्या 'परवाना' या जुन्या हिंदी पिक्चरवरून! पिक्चर अर्पण केलाय दिग्दर्शक विजय आनंद आणि इंग्रजी थ्रिलर कादंबऱ्या लिहिणारा जेम्स हॅडली चेस या दोघांना, त्यावरूनच कळतं की साहेब काय बघून आणि काय वाचून मोठे झालेत.

आता अंधाधुन (2018). ज्यांनी अजून बघितला नसेल (कुठं होतात एवढे दिवस?) त्यांनी हा पॅरा सोडून पुढं जा. आयुष्मानचा आकाश आंधळा असल्याचं नाटक करतोय, तब्बूच्या घरी पियानो वाजवायला आलाय, जमिनीवर तिच्या नवऱ्याचं प्रेत, बाथरूममध्ये पिस्तूल घेतलेला माणूस, हे सगळं त्याला दिसतंय पण दिसतंय हे दाखवायचं नाहीये. तो गुपचूप परत येऊन वाजवायला बसतो. पाठीमागे ते दोघं नुसत्या खुणांनी एकमेकांना सांगत रक्त पुसतायत, प्रेत बॅगेत कोंबतायत, तब्बू तर जणू पाहुणे यायच्या आत हॉल आवरतेय, आणि या सगळ्याला म्युझिक कुठलं तर आकाश स्वतः वाजवतोय तेच. मला इथं हसू येतं, दरवेळी येतं, आणि मग आपण कशावर हसलो ते लक्षात आलं की कसंतरीच होतं. पुण्यात घडणारी गोष्ट आहे पण मूळ कल्पना एका फ्रेंच शॉर्टफिल्मची. नॅशनल अवॉर्ड मिळालं, आयुष्मानला पण मिळालं, रास्तच होतं. फक्त सेकंड हाफमध्ये तो किडनीवाला डॉक्टर घुसला की पकड ढिली होते, तिथं थोडं आवरतं घ्यायला हवं होतं.

पण खरा डोक्याला शॉट म्हणजे बदलापूर (2015). सुरुवातीला कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून नुसता ठेवलाय, माणसं येतायत जातायत, काहीच घडत नाही असं वाटेपर्यंत बँक लुटून झालेली असते आणि पुढच्या काही मिनिटांत वरुण धवनचं घर उद्ध्वस्त. मग आपण सूडाचा पिक्चर बघायला सरसावून बसतो, हाण त्यांना, आणि तो खरंच हाणतो, पण ज्यांचा काही संबंध नाही त्यांना पण. हळूहळू त्याचीच भीती वाटायला लागते. तिकडे नवाजुद्दीनचा लायक, ज्याने हे सगळं केलं, तो खोटारडा, चावट, आईला छळणारा, पण शेवटी माणूस म्हणून तोच जास्त शिल्लक राहतो. बाहेर पडल्यावर कुणाची बाजू घ्यायची हा घोळ माझा अजून मिटलेला नाहीये.

एक हसीना थी (2004) मधली उर्मिला अनेकांना आठवत पण नाही, आणि शेवटची ती गुहा आणि उंदीर ज्यांनी बघितलेत ते विसरत नाहीत. त्याच्याही आधी 1991 मध्ये रघुवीर यादवला घेऊन केलेला, मुंबईतल्या खऱ्या सिरियल किलरवरचा रामन राघव आहे, मिळाला तर सोडू नका, कमी पैशात केलाय हे दिसतं पण रघुवीर यादव भयानक आहे. पहिल्या पिक्चरपासून याला गुन्ह्यापेक्षा गुन्हेगाराच्या डोक्यातच जास्त इंटरेस्ट. एजंट विनोद (2012) मध्ये नेमकं तेच नव्हतं, देश बदलत राहतात, डोक्यात कोणी शिरत नाही, त्यामुळे तो खुशाल सोडा.

मेरी ख्रिसमस (2024) स्लो आहे, मान्य. पहिला तास कतरिना आणि विजय सेतुपती नुसतेच बोलत बसलेत म्हणून लोकांनी शिव्या घातल्या, पण ती सगळी फुरसत शेवटच्या पोलीस स्टेशनच्या भागात वसूल होते, जवळजवळ न बोलता. जॉनी गद्दारपासूनची एडिटर पूजा लढा सुरती इथंही आहे, कुठला शॉट किती वेळ धरायचा आणि कुठं झटकन कापायचा याचं निम्मं श्रेय मी तिला देईन.

नवीन बघणाऱ्यांनी जॉनी गद्दारपासून सुरुवात करा, बदलापूर शेवटी ठेवा आणि कृपा करून मोबाईल लांब ठेवून बघा, याच्या पिक्चरमध्ये दोन मिनिटं मान खाली घातली की मग शेजारच्याला विचारत बसावं लागतं.