गणपतीपुळ्यात दुपार मोकळी आहे? प्राचीन कोकण, जयगड की मालगुंड

दर्शन झालं, डोंगराची प्रदक्षिणा झाली, जेवणही झालं. उन्हं कलेपर्यंत समुद्रावर काही जाववत नाही. मग पाहुण्यांना न्यायचं कुठे? जवळच्या तिन्ही जागा सरकारी नाहीत, पण दार सगळ्यांना उघडं. मी एवढंच बघतो, आत गेल्यावर किती वेळ निवांत टेकता येतं.

बरोबर मुलं असतील तर फार विचार करू नका, प्राचीन कोकण. देवळापासून जवळच आहे. तिकीट काढायचं आणि आत झाडीत माणसाएवढ्या पुतळ्यांनी मांडलेलं जुनं गाव बघायचं, बलुतेदारांसकट. माहिती सांगणारा सोबत असतो, त्यामुळे आपल्याला हवं तिथे रेंगाळणं मात्र जमत नाही.

जयगड वीसेक किलोमीटरवर. तिथलं जयविनायक मंदिर जिंदालांच्या कंपनीने बांधलेलं, भोवती आखीवरेखीव बाग. फोटो छान येतात. पण तेवढ्यासाठी गाडी काढू नये. वाटेतला कऱ्हाटेश्वर आणि पुढचा किल्ला जोडून घ्या. कऱ्हाटेश्वराच्या पायऱ्या उतरलात की एका बाजूला खवळलेला समुद्र आणि हाताशी गोड्या पाण्याचा झरा! गुहागरला जायचं असेल तर जयगडहून तवसाळला फेरीबोट आहेच, गाडीही चढते.

माझं मत मालगुंडला. पुळ्यापासून दोनेक किलोमीटरवर केशवसुतांचं जन्मघर. १८६६ साली कृष्णाजी केशव दामले इथे जन्मले. कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक उभारलं, १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते ते खुलं झालं. बागेत शिळांवर कविता कोरल्यात. गुडघे दुखतात म्हणून आमची आत्या गाडीतून उतरायलाच तयार नव्हती. उतरली ती सावलीत बसली आणि एक अख्खी कविता मोठ्याने वाचून काढली, शाळेत म्हणायची त्याच चालीत. तासभर कुणी ‘चला’ म्हणालं नाही. कवितेचं वावडं असलेल्यांना मात्र इथे वीस मिनिटं पुष्कळ होतील.

परतताना समुद्रावर उतरायचं तर देवळाच्या बाजूनेच उतरा. भरतीच्या रेषेखालची जमीन सरकारची, हे खरं. पण आमची नेहमीची पायवाट आता एका हॉटेलच्या कुंपणात गेली आहे. मागच्या खेपेला गेटवरच्या पोराने ‘गेस्ट आहात का?’ विचारलं आणि आत्यासकट सगळ्यांना माघारी फिरवलं.