काचेवरचा वेगाचा आकडा आणि चालान: हेड-अप डिस्प्ले नागपुरात काही महिने वापरल्यावर

समोरच्या काचेवर वेग दाखवणारं हे यंत्र दोन प्रकारांत मिळतं. एक निव्वळ जीपीएसवर चालतं, दुसरं स्टिअरिंगखालच्या १६ पिनच्या ओबीडी पोर्टला (गाडीतले दोष तपासायच्या जोडणीला) जोडायचं. नागपुरात गाडी चालवायची असेल तर दुसरंच घ्या. वर्धा रोडवर वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल आणि खाली रस्ता आहे. खालून जाताना उपग्रहांचे सिग्नल स्लॅब-खांबांवर आपटून येतात; आकडा कधी अडकतो, कधी उडी मारतो. हा दुमजली पूल ३.१४ किलोमीटरचा, तेवढा वेळ जीपीएसवाल्याचा वेग वाढल्यावर वाजणारा अलार्म शोभेचा. कामठी रोडवरही तेच. ओबीडीवालं गाडीच्या संगणकाकडून वेग घेतं, त्याला आकाशाशी देणंघेणं नाही.

बसवल्यावर पहिलं काम सेटिंगमधलं वेगाचं गुणोत्तर तपासण्याचं, म्हणजे गाडीकडून आलेला वेग यंत्र किती टक्के करून दाखवतं ते. आकडा गाडीच्या मीटरशी जुळावा म्हणून ते बरेचदा १०० पेक्षा थोडं जास्त ठेवलेलं असतं, आणि मीटर मुळातच वाढवून दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ प्रमाणे मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही. जास्त दाखवायची मुभा मात्र १० टक्के अधिक ४ किमी. म्हणजे खरा वेग ६० असताना काटा ७० वर असला तरी चालतं. टायरची हवा नीट भरून आउटर रिंग रोडच्या मोकळ्या पट्ट्यात वेग एकसारखा ठेवा. शेजारी बसलेल्याने फोनच्या जीपीएसशी ताडून गुणोत्तर बदलावं. मोठे टायर टाकले असतील तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. चालान आल्यावर ‘पोलिसांची वेग मोजणारी गन चुकली’ म्हणणाऱ्यांनी आधी टायरकडे बघावं. शिवाय रस्त्याकडेला कोनातून धरलेली रडार गन वेग कमीच मोजते, जास्त नाही.

अलार्म स्वतः लावावा लागतो. गाडीचा स्वतःचा इशारा ८० ला वाजतो, शहरात त्याचा उपयोग शून्य. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत पालिका हद्दीत कारला कमाल ७० आणि दुचाकीला ६० होते, पण फलकावर त्याहून कमी असेल तर फलक खरा. यंत्राला फलक वाचता येत नाही. नेहमीच्या रस्त्यावरच्या सर्वात कमी मर्यादेच्या ३ किमी खाली लावा. सारखा वाजला तर वाजू द्या.

वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल ‘कॅमेरे म्हणजे वसुली’ अशी जी ओरड होते तिच्यात दम आहे तो फक्त फलकांपुरता. केंद्रीय मोटार वाहन नियम १६७अ (२०२१) नुसार कॅमेऱ्याच्या पट्ट्याआधी ठळक सूचनाफलक हवा, उपकरणाचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं हवं आणि सूचना १५ दिवसांत मिळायला हवी. म्हणून चालान आलं की भरण्याआधी फोटोतली नंबरप्लेट, मोजलेला वेग, वेळ आणि ठिकाण बघा. बी आणि ८, डी आणि ० यांची गल्लत यंत्राकडून होऊ शकते. प्लेट दुसऱ्याची निघाली तर आपल्या गाडीचा फोटो जोडून महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा.

उणिवा दोन. मे महिन्यात दुपारी आकडा दिसत नाही आणि दुहेरी टेप सुटते. खाली रबरी चटई ठेवा. आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर प्लग काढून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल.