वार्षिक टोल पास: सहा महिने वापरला, पंधरा रुपयांसाठी भांडलो

फास्टॅगचा वार्षिक टोल पास, मी घेतला तेव्हा: तीन हजार रुपये, २०० ट्रिप, एक वर्ष, जे आधी संपेल ते. हे आता सगळ्यांना पाठ झालंय, त्यामुळे ते पुन्हा सांगत बसत नाही. पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला, मी १९ तारखेला घेतला. चार दिवस थांबलो ते एवढ्यासाठीच की आधी घेणाऱ्यांचं काय होतंय ते बघावं. खरं तर लिहायचा विचार नव्हता. पण जानेवारीत एका नाक्यावर माझी एकच ट्रिप दोनदा कापली गेली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, ते एकदाचं कुठंतरी लिहून टाका आणि मला सांगायचं बंद करा."

माझा सोलापुरात शाळेच्या गणवेशाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे चौदा मशिनी आणि एक कटिंग टेबल. माल ट्रान्सपोर्टने जातो, पण सँपल दाखवायला, मापं घ्यायला आणि मुख्य म्हणजे वसुलीला स्वतः जावं लागतं. पुणे, धाराशिव, उमरगा ही नेहमीची गिऱ्हाइकं. त्यात मुलगा नोकरीला पुण्यात. म्हणजे पास माझ्यासाठीच काढलाय असं मला जाहीर झालं त्याच दिवशी वाटलं होतं.

पहिला अडथळा घेतानाच आला. गाडी नवी घेतली तेव्हा शोरूमवाल्याने टॅग चासी नंबरवर काढून दिला होता. दोन वर्षं त्यावर बिनबोभाट टोल गेला, पण पास मागायला गेलो तर म्हणे गाडीचा नंबर टॅगला जोडलेला नाही. मग बँकेकडे आरसी बुकाचे फोटो पाठवा, पुढची बाजू, मागची बाजू, "फोटो स्पष्ट नाही", पुन्हा पाठवा. (बँकेचं नाव घेत नाही. सगळ्या सारख्याच असाव्यात.) तुमचा टॅगही शोरूममधून आला असेल तर आधी हे तपासा, मग पास देणारं राजमार्गयात्रा ॲप उघडा. नंबर जुळल्यावर मात्र पैसे भरून तासाभरात पास चालू झाला. पैसे टॅगच्या वॉलेटमधून जात नाहीत, वेगळे भरावे लागतात, हेही मला भरताना कळलं.

आता हिशोब. तीन हजार भागिले दोनशे, म्हणजे नाक्यामागे १५ रुपये. सोलापुरातून पुण्याला निघालं की सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे चार नाके. जाऊन येऊन आठ. म्हणजे पुण्याची वारी १२० रुपयांत. पूर्वी एवढ्यात दोन नाके धड होत नव्हते. तुळजापूर रोडला तामलवाडी, हैदराबाद रोडला फुलवाडी, तिथंही तेच पंधरा. या पैशात आता हॉटेलात दोन चहा येत नाहीत.

पण इथेच बऱ्याच जणांचा घोटाळा होतो, माझ्या दाजींचाही झाला. "दोनशे ट्रिप म्हणजे दोनशे वेळा पुण्याला जाऊन येऊ की!" असं त्यांनी गणपतीत सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तसं नाही. प्रत्येक नाका ओलांडला की एक ट्रिप गेली. सोलापूर-पुणे फक्त पंचवीस वेळा होतं. आपल्याकडे ट्रिप म्हणजे देवदर्शन करून घरी परत येईपर्यंतचा सगळा प्रवास. सरकारने सरळ 'नाका' असा शब्द वापरला असता तर सोलापूरकरांना लगेच कळलं असतं. आमच्याकडे जकात जाऊन जमाना झाला तरी गाव अजून जुना पुणे नाका, जुना विजापूर नाका, अक्कलकोट नाका यावरच चालतं.

दुसरी फसगत माझी स्वतःची. नोव्हेंबरात एका मोठ्या शाळेच्या ऑर्डरसाठी मुंबईला गेलो. पास आहे म्हणून वॉलेटकडे बघितलंच नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग राज्याचा आहे, तिथं हा पास चालत नाही. समृद्धीवरही नाही. पास फक्त राष्ट्रीय महामार्गावर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गावर. हे मला माहीत होतं, म्हणजे वाचलेलं होतं, पण नाक्यावर बॅलन्स कमी दाखवल्यावर आठवलं. ३२० रुपयांचा टोल, आणि राज्याच्या नाक्यांवर एप्रिल २०२५ पासूनचा नियम की टॅगशिवाय भरलं तर दुप्पट. मागे हॉर्नचा गोंगाट, मी रांगेतच वॉलेट भरत होतो. दुप्पट वाचवली. त्यानंतर वॉलेटमध्ये पाचशे कायम ठेवतो, आणि ते पाचशे बिनव्याजी पडून आहेत याचा त्रास वेगळा.

या पासने माझ्या स्वभावात एक बदल केलाय, तो चांगला नाही. पूर्वी टोल कापला की शिव्या घालून विसरून जायचो. आता मोजतो. डॅशबोर्डमध्ये एक छोटी वही ठेवलीय: तारीख, नाका, वेळ. डिसेंबरात पुण्याला निघालो, सावळेश्वर ओलांडलं आणि बायकोला आठवलं की लेकासाठी केलेल्या शेंगाचटणीचा डबा ओट्यावरच राहिला. परत फिरायचं म्हणजे जाताना एक, पुन्हा येताना एक, दोन ट्रिप फुकट. मी म्हणालो, राहू दे. ती म्हणाली, "तीस रुपयांसाठी लेकराची चटणी ठेवून जाणार?" डिझेलचं मला सुचलंसुद्धा नाही, ट्रिपच डोळ्यासमोर होत्या. शेवटी शेजाऱ्याच्या पोराला फोन करून डबा रात्रीच्या बसमध्ये ठेवायला लावला. बसवाल्याने शंभर घेतले. हा आकडा वहीत नाही.

आता मूळ भांडण. जानेवारी, सकाळी पावणेसात. धुकं होतं. नाक्यावर दांडा खाली, टॅग वाचला जाईना. माकडटोपी घातलेला एक पोरगा हातातलं मशीन घेऊन आला. "काका, थोडं मागं घ्या." घेतली. "आता पुढं." घेतली. त्याने काचेवर मशीन दाबलं, पीप वाजलं, दांडा वर गेला. पुढे चहाला थांबलो तर मोबाईलवर दोन मेसेज. एक ६.४२ चा, एक ६.४६ चा. नाका तोच, गाडी तीच. म्हणजे आधी वरच्या मशीनने वाचलं होतं, फक्त दांडा उघडला नव्हता.

बँकेला फोन केला. "सर, पास आम्ही देत नाही, नाक्यावर विचारा." नाक्याला विचारायचं कसं? गाडी घेऊन गेलो तर नाका ओलांडावा लागणार, परत वळून यावं लागणार, म्हणजे एका ट्रिपच्या तक्रारीसाठी दोन ट्रिप. हे गणित मला मान्य नव्हतं. पुढच्या वेळी नाक्याच्या अलीकडे कडेला गाडी लावली आणि चालत केबिनपर्यंत गेलो. शेजारून उसाचे ट्रक धूळ उडवत चाललेले, मी रुमाल तोंडाला धरून स्क्रीनशॉट दाखवतोय. आतल्या माणसाने चष्मा वर करून बघितलं. "आमच्याकडं एकच एंट्री दिसतीय." मी म्हणालो, माझ्याकडं दोन दिसतायत. तो म्हणाला, "काका, पंधरा रुपयांचा विषय आहे, मी खिशातून देऊ का?" खरंच द्यायला निघाला. मला ते फार लागलं. पैशाचा प्रश्न नव्हता. (होता, पण तेवढाच नव्हता.) मी म्हणालो, मला पैसे नकोत, ट्रिप पाहिजे. तक्रार नोंदवून नंबर घेतला. त्यानंतर बँकेला पाच फोन, दोन मेल. दर वेळी "प्रक्रियेत आहे".

इथपर्यंत लिहून झाल्यावर, हिशोब बिनचूक द्यावा म्हणून काल रात्री वही आणि ॲप शेजारी ठेवलं. वहीप्रमाणे पुणे नऊ वेळा (मुंबईची खेप धरून), बहात्तर. धाराशिव अकरा वेळा, बावीस. उमरगा सहा वेळा, बारा. एकूण १०६. ॲपमध्ये वापरलेल्या ट्रिप १०७ असायला हव्यात, एक जादा कापलेली धरून. ॲप म्हणतं १०६. तीनदा बेरीज केली. मग पानं मागे उलटत गेलो तर दिवाळीच्या आदल्या आठवड्यातल्या नोंदीपुढे माझ्याच अक्षरात: "दांडा वरच. मेसेज नाही." त्या दिवशी गर्दी एवढी होती की गाड्या तशाच सोडत होते, आणि मी घरी येऊन खुशीत सांगितलंही होतं की एक ट्रिप वाचली. म्हणजे ती आधीच मिळाली होती आणि नंतर तीच परत गेली. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

त्यामुळे वर जे काही चिडून लिहिलंय त्यातलं थोडं कमी करून वाचा. पण दांडा उघडला नाही म्हणून लगेच हातमशीन लावू देऊ नका, आधी मोबाईलवर मेसेज आलाय का बघा, हा सल्ला कायम.

माझी खरी तक्रार दुसरीच आहे आणि ती ॲपमध्ये नोंदवायची सोय नाही. पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला. मी एकटा पिशवीत सहा सँपल घेऊन जातो तेव्हा १५ रुपयांत जातो, आणि ज्या टेम्पोत अडीच हजार गणवेश भरलेत, तो पिवळ्या पाटीचा, तो प्रत्येक नाक्याला पूर्ण टोल मोजतो. भाषणात मात्र महामार्ग म्हणजे उद्योगवाढ. देशात राष्ट्रीय महामार्ग १ लाख ४६ हजार किलोमीटर झालेत, एकूण रस्त्यांच्या दोनेक टक्के, पण चाळीस टक्के वाहतूक त्यांच्यावरून जाते. ती वाहतूक म्हणजे माझी कार नाही, तो टेम्पो आहे. दर एप्रिलला दर सुधारतात, टेम्पोवाला भाडं वाढवतो, मी गणवेशामागे रुपया वाढवायला गेलो की शाळा दुसरीकडे जाते.

रस्त्याने दिलं नाही असं नाही. हैदराबादचे व्यापारी पूर्वी रेल्वेने येऊन मुक्काम करायचे, आता सकाळी निघून दुपारच्या कडक भाकरीला सोलापुरात असतात, संध्याकाळी परत. पुणे जुन्या ९ नंबरच्या दुपदरी रस्त्यावर अख्खा दिवस खायचं, आज त्याच रस्त्यावर, ६५ नंबर झालेल्या, साडेचार तासांत हडपसर. पण वेग दोन्हीकडे चालतो. माल बाहेर जायला लागला तशी पोरंही गेली. माझ्या गल्लीत विशीतली पोरं शोधून सापडत नाहीत, दिवाळीला मात्र एमएच १२ आणि १४ च्या गाड्या लावायला जागा नसते.

आणि ऊस. ऑक्टोबर ते मार्च रात्री या रस्त्यावर जपून. वरवड्याच्या अलीकडे एकदा समोर फक्त काळोख होता, मग त्या काळोखात उसाचे शेंडे हलले, मग कळलं की दोन ट्रॉल्या आहेत, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ब्रेक दाबला तेव्हा उसाचं पाचट बॉनेटवर पडण्याइतकंच अंतर होतं. चार पदर असून उपयोग काय, ट्रॅक्टर उजव्याच पदराने चाललेला.

आता नाशिक-अहिल्यानगर-सोलापूर-अक्कलकोट सहापदरी रस्ता मंजूर झालाय, ३७४ किलोमीटर, १९,१४२ कोटी. लोक जमिनीच्या भावाचं बोलतात. मी वेगळं बघितलं: पासच्या नियमात असं आहे की जिथं चढताना आणि उतरताना मोजतात, तिथं चढणं-उतरणं मिळून एकच ट्रिप धरतात. तसा टोल तिथं लागला आणि तोवर पास टिकला, तर अक्कलकोटहून नाशिक १५ रुपयांत. रस्ता होईल तेव्हा मी किती वर्षांचा असेन हे मोजलं नाही.

सध्या ९४ ट्रिप शिल्लक आणि सहा महिने हातात. उन्हाळ्यात गणवेशाचा सीझन असल्याने संपतील असं वाटतं, नाही संपल्या तर मे महिन्यात बायकोला तुळजापूर चार वेळा जास्त घडेल. महिन्याला एकदाच महामार्गावर जाणाऱ्याने घेऊ नये. पुणे महिन्याला एकदा होत असेल तर डोळे झाकून घ्या.

तक्रार मागे घेतलेली नाही. परवा पुन्हा मेसेज आला, प्रक्रियेत आहे. मंगळवारी पुण्याला जायचंय, चटणीचा डबा आजच गाडीत ठेवलाय.