शिकवणी लावू की घरीच बसवू?

जून उजाडला की आमच्या वाडीत हा प्रश्न निघतोच. दोन मुलांसाठी मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून सांगते.

आठवी-नववीचं बीजगणित किंवा इंग्रजी व्याकरण घरात कुणालाच येत नसेल, तर चांगल्या शिकवणीला पर्याय नाही. फक्त लावण्याआधी एका वर्गात किती पोरं बसतात आणि वह्या कोण तपासतं ते विचारा. फीपेक्षा वेळ महाग पडतो. शाळा सुटल्यावर एसटीची वाट, पावसात वहाळाला पाणी, घरी पोचेपर्यंत सात. थोरल्याचं वाचन तिथेच सुटलं. आणि शाळेतल्याच गुरुजींना शिकवणीसाठी गळ घालू नका. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना खासगी शिकवणीची मनाई आहे.

पाचवीपर्यंत मात्र मी घरच्याच बाजूने. “मी कुठे एवढी शिकलेय?” असं बायका म्हणतात, पण त्याने अडत नाही. भाकऱ्या थापताना धडा मोठ्याने वाचायला सांगायचा, मग पुस्तक मिटून “आता तुझ्या शब्दांत सांग” म्हणायचं. जिथे पोर अडखळतं, तिथे त्याला कळलेलं नसतं. हे ओळखायला आपण शिकलेलं असावं लागत नाही. पाच डझनाच्या पेटीचा भाव दिला तर एका आंब्याला किती पडले, हा हिशेब त्यालाच करू द्या. खलाशी बापांनाही संधी असते: जून-जुलैत मासेमारी बंद, आणि शाळा नेमकी तेव्हाच सुरू होते. तेवढ्या दिवसांत संध्याकाळी जवळ बसायची सवय लागली, तर होड्या गेल्यावरही पोर त्याच वेळेला दप्तर उघडतं.

घरची अडचण सातत्याची. आंब्याची काढणी, शिमगा आणि परीक्षा एकदमच येतात. घर पाहुण्यांनी भरतं, पोराला कोपरा उरत नाही. पालखी दारात येईल त्या दिवशी पुस्तक मिटू दे, पण एरवी त्याचा तास कुणी मोडू नये. आणि शिकवताना हात उचलायची वेळ येत असेल, तर शिकवणीच बरी.

काहीही निवडा, वर्गशिक्षकांना ऑगस्टमध्ये भेटा. निकालानंतर भेटून उपयोग नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तिथेही बोला.

धाकटीला सातवीपर्यंत शिकवणी नव्हती. आता आठवीला फक्त गणिताची, आठवड्यातून तीन दिवस. उरलेल्या संध्याकाळी ती चुलीपाशीच वाचते.