सावंतवाडीतले लाकडी ट्रक: नाकवाली टाटा डोळे मिटून घ्या, पीटरबिल्ट घेताना जरा बघून

सावंतवाडीला गेल्यावर चितारआळीत लाकडी आंबे, केळी, पाट, बैलगाड्या सगळेच घेतात, पण तिथूनच जरा आत एक काका ऑर्डरप्रमाणे ट्रक बनवून देतात, आणि ते लहान पोरांचं खेळणं नाही हां, पक्कं मापात, 1:24 ला, म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा भाग. माझ्याकडे त्यांच्या हातच्या तीन गाड्या आहेत, टाटा 1210 एसई, पीटरबिल्ट 379 कंटेनर ट्रेलरसकट आणि मर्सिडीजचा जुना एलपी 333. तिन्हीबद्दल लिहितो कारण ट्रकवेडे लोक आपल्याकडे खूप आहेत आणि त्यांना मिळतं काय, तर बाजारातले प्लास्टिकचे ट्रक, ज्यांचं पुढचं चाक कुठेही बसवलेलं असतं.

माझ्या मते कुठल्याही ट्रकचं रूप त्या पुढच्या चाकावरच ठरतं. पुढचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा आडवा आस, बंपरपासून किती मागे आणि दरवाजापासून किती पुढे, हे एकदा चुकलं की मग रंग कितीही भारी मारा, गाडी ती वाटतच नाही. काकांना हे कोणी शिकवायला नको. मी फोटो घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आधी पट्टी काढून फोटोवरच चाकापासून दरवाजाचं अंतर मोजलं आणि म्हणाले, "आदी नाक बराबर येवक व्हया, मगे बाकीचा." तिथेच ऑर्डर दिली.

आता टाटा. ही माझी सगळ्यात लाडकी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 1954 मध्ये टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझबरोबर ट्रक बनवायला सुरुवात केली, तो करार 1969 पर्यंत चालला, आणि नंतर मर्सिडीजचा तारा गेला तरी नावं द्यायची पद्धत राहिली, म्हणून 1210 मधले 12 म्हणजे मालासकट बारा टन वजन आणि 10 म्हणजे साधारण शंभर हॉर्सपॉवर. एसई म्हणजे सेमी फॉरवर्ड, इंजिन अर्धं नाकात आणि अर्धं केबिनमध्ये घुसलेलं. त्यामुळे नाक आखूड, गोलसर, आणि ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी इंजिनचा तो गरम डबा. काकांनी तो डबासुद्धा आत कोरलाय! दरवाजा उघडून आत बघितलं की दिसतो, त्यावर रेक्झिनसारखा काळा रंग आणि शेजारी वाकडा गिअरचा दांडा. पुढची काच दोन तुकड्यांची, मधे पट्टी, आणि काचेच्या वर केबिनच्या कपाळाला बारीक ब्रशने लिहिलंय "श्री देव रवळनाथ प्रसन्न", अक्षरं तांदळाएवढी असतील पण एकही फाटलेलं नाही.

आणि ही गाडी लाकडात शोभते त्याला कारण पण आहे. त्या काळात कंपनी बऱ्याचदा नुसती चेसिस आणि पुढचं नाक द्यायची, केबिन आणि हौदा मालक आपल्या गावच्या बॉडीवाल्याकडून बांधून घ्यायचा, त्यात लाकडाचं काम भरपूर. म्हणजे खऱ्या गाडीतही सुतारच होता. हौद्याचे फाळके काकांनी सुट्टे केलेत, बिजागरीवर खाली पडतात, मागे जांभ्याच्या चिऱ्यांचे बारके तुकडे भरून पण देतात सांगितलं तर. किंमत 3,500 आणि माझ्या मते स्वस्त आहे.

पीटरबिल्ट 379 बद्दल मात्र थोडं सांभाळून. ही अमेरिकेतली 1987 ते 2007 या काळातली, तिकडच्या ट्रकवाल्यांची फेवरेट, ट्रेलरचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, असावा तर असा. सरळ लांब चौकोनी नाक, नाकाच्या दोन्ही बाजूंना चकाकणारे एअर क्लीनरचे डबे, केबिनच्या मागे उभे सायलेन्सर. बंपरपासून केबिनच्या पाठीपर्यंत 119 इंच, आणि लांब नाकवाली घेतली तर 127. पुढचा ॲक्सल एकदम बंपरच्या मागे असतो, ते नुसतं दिसायला नाही. तिकडे पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमधलं अंतर जास्त असेल तर जास्त वजन भरायला मिळतं, वर मर्यादा 80,000 पौंड म्हणजे 36 टनांच्या थोडी वर, म्हणून चाकं जितकी लांब पसरता येतील तितकी पसरायची. नाक आणि चाक काकांनी अगदी बरोबर पकडलंय, त्याला पैकीच्या पैकी.

पण हेडलाइट चुकले. 379 ला चौकोनी जोड-हेडलाइट, गोल बसवले की ती आधीची 359 वाटायला लागते, आणि मला गोल लावून दिलेले. सांगितल्यावर हसत हसत बदलून दिले, जादा पैसे नाही घेतले. दुसरी गोष्ट कंटेनर, अमेरिकेत मागे 53 फुटी ट्रेलर असतो, तो 1:24 ला 67 सेंटीमीटर होतो, एवढा शोकेसमध्ये मावत नाही म्हणून काका विचारून 40 फुटी करतात, तो 51 सेंटीमीटरच्या आत बसतो. दिसतो छान पण मग ती गाडी न्हावाशेवा पोर्टवरची वाटते, म्हणून जागा असेल तर 53 चाच हट्ट धरा. कंटेनरसकट 7,500 घेतले.

एलपी 333 फार कोणाला माहीत नसेल. मर्सिडीजने 1958 ते 1961 बनवला, चपट्या तोंडाचा, पुढे दोन ॲक्सल आणि दोन्ही स्टिअरिंगला वळणारे, जर्मनीत त्याला लाडाने गोम म्हणायचे. तिकडच्या सरकारने वजनाचे नियम इतके कडक केले की गाडीसकट 16 टन वजन न्यायचं तर तीन ॲक्सल पाहिजेत, म्हणून ही पुढे चार चाकांची गाडी निघाली, आणि नियम सैल झाल्यावर तिची गरजच उरली नाही. आज आपल्याकडे पुढे चार चाकांचे बारा टायर हायवेला सर्रास दिसतात, त्यामुळे हे मॉडेल बघून घरी आलेला प्रत्येक ड्रायव्हर दोन मिनिटं थांबतोच. काकांनी पुढची चारही चाकं एकाच काडीने एकत्र वळवलीत, बोटाने हलवली की पहिली जोडी जास्त आणि दुसरी कमी वळते, खऱ्यासारखी! रंगाचा वास मात्र बरेच दिवस घरात होता, खिडकीत ठेवा.

ऑर्डर देणार असाल तर फोटो चांगले न्या, बाजूने काढलेला एक तरी पाहिजेच. आपल्याकडच्या गाडीचा हवा असेल तर कोकण रेल्वेची रो-रो कुठल्याही स्टेशनवर थांबलेली गाठा, 1999 पासून कोलाड ते वेर्णा ट्रक वॅगनवर चढवून नेतात, तेव्हा चाकं, स्प्रिंगचे पाटे, ॲक्सल सगळं प्लॅटफॉर्मवरून समोर दिसतं, हायवेला धावत्या गाडीचा असा फोटो येणं शक्यच नाही. आणि चवथीच्या आधी जाऊ नका, तेव्हा त्यांचा हात गणपतीतून मोकळा नसतो. मी पुढचा केन्वर्थ के100 सांगून ठेवलाय, नाक नसलेला अमेरिकन, 1982 च्या कायद्याने तिकडे लांबीची मर्यादा फक्त ट्रेलरला लावली आणि घोड्याला सोडलं, नाक कापून लांबी वाचवायची गरज उरली नाही, तेव्हापासून असले चपटे मागे पडत गेले. दिवाळीनंतर देतो म्हणालेत, ॲडव्हान्स निम्मा द्यावा लागतो, पोस्टाने पाठवत नाहीत, स्वतः जाऊनच आणायचा.