टिळकवाडीतील पथ्याचा घरगुती डबा

स्वतःच्याच स्टेम सेलचे (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचे) प्रत्यारोपण करून भाऊ बेंगळुरूहून बेळगावला परतला, तेव्हा प्रतिकारशक्ती सावरायला अनेक महिने लागतात हे ठाऊक असल्याने कच्ची कोशिंबीर, शिळे अन्न आणि उघड्यावरचे पदार्थ आम्ही पूर्ण बंद केले आणि टिळकवाडीतील एका काकूंकडे डबा लावला. डॉक्टरांनी दिलेला पथ्याचा कागद त्यांनी पहिल्याच दिवशी ओट्यासमोर चिकटवला, हे मला फार मोलाचे वाटले. डबा उघडला की झाकणाच्या आतून वाफेचे थेंब ओघळत. मऊ भात, मुगाचे वरण, दुधीची भाजी, आणि तोंड आले असताना तिखट अजिबात नाही. चव गेल्यामुळे भावाला दोन घासांपलीकडे जेववत नव्हते, तेव्हा काकूंनी आपणहून थोडे थोडे ताजे अन्न दिवसातून चार वेळा पाठवले. (कुंदा, ही बेळगावची दुधाची मिठाई, मात्र त्याला अजून दिलेला नाही.)

एका रविवारी डबा दीड तास उशिरा आणि कोमट आला. तो आम्ही भावाला दिला नाही, काकूंनीही पैसे घेतले नाहीत. दर थोडा जास्त आहे, तरी सोबतीला घरात एकच माणूस असेल तर हा डबा अवश्य लावावा, कारण ताप मोजायला, तो 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर गेल्यास ताबडतोब रुग्णालयाला कळवायला आणि रुग्णाजवळ नुसते बसायलाही वेळ लागतो.